खांद्याची धार

३ फेब्रुवारी

ही डायरी भिंगरीने दिली. कुठल्याशा कागदवाल्या कंपनीची भेट तिच्याकडे पडून होती, ती तिने माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाली, "ताई, दिवसभर तुझ्या डोक्यात जे चाललेलं असतं ना, ते मला सांगण्यापेक्षा यात लिहीत जा. तुलाच बरं वाटेल." किती काळजी करते पोरगी माझी! एकेचाळीस वर्षांची आहे म्हणे. मला अजून पोरगीच वाटते.

तर पहिल्याच पानावर लिहावी अशी बातमी आहे. ज्या परफ्यूम कंपनीच्या दारात आम्ही तीन वर्षं चपला झिजवल्या, तिने नव्या परफ्यूमची बाटली आमच्याकडे सोपवली. पहिल्या चित्रापासून शेवटच्या सोनेरी रेघेपर्यंत सगळं आमचं. काच ओतणार कारखाना. पण बाटलीचा आकार कसा, हातात कशी बसेल, रंग कुठून कुठपर्यंत, अक्षरं कुठे, हे ठरवणार आम्ही. मग कोऱ्या बाटल्या आमच्याकडे येणार आणि नटूनथटून जाणार. आमचे भट्टीवाले काका कोणी विचारलं की सांगतात, "बाटल्यांचं ब्यूटी पार्लर आहे आमचं."

वर दोन खोल्या, खाली शेड, माणसं सात. कागदावर स्टुडिओ माझ्या एकटीच्या नावावर आहे, पण कागदाला कोण विचारतं? अकरा वर्षं मी आणि भिंगरी मिळूनच चालवतो. सतत गिरक्या घेत असते म्हणून मीच तिला भिंगरी म्हणायला लागले. आता खरं नाव तिचं तिला तरी आठवतं की नाही, देव जाणे.

९ फेब्रुवारी

चित्रं तयार. माझी बाटली उंच, चौकोनी, खांदे अगदी काटकोनात. कडक इस्त्रीचा कोट घालून उभी असल्यासारखी. तळाशी गडद निळा रंग, वर येता येता विरत जाणारा, खांद्यावर नुसती निळी सावली, आणि गळ्याशी खऱ्या सोन्याची बारीक रेघ.

भिंगरीनेही एक काढली होती. बुटकी, गोलसर, पोटाला अंगठ्यापुरता खळगा. रंग जवळजवळ नाहीच. "बघितल्यावर उचलावीशी वाटली पाहिजे, ताई," म्हणाली. गोड आहे, पण औषधाची बाटली वाटते. मी कामं बाजूला ठेवून अर्धा तास तिच्याबरोबर बसले, लाल पेन्सिलीने सगळं नीट करून दाखवलं. खांदे वर ओढले, खळगा भरून टाकला. तिने कागदाची गुंडाळी केली आणि "कळलं" म्हणाली. पटकन शिकते, हा तिचा मोठा गुण.

१९ फेब्रुवारी

कंपनीत दाखवून आलो. त्यांच्या मॅनेजरबाई हुशार आहेत, कमी बोलतात. मला न सांगता भिंगरीने तिच्या बुटकीचा एक नमुना बनवून आणला होता, आणि तो माझ्या नमुन्याशेजारी ठेवला. मला जरा रागच आला. मॅनेजरबाईंनी तो उचलला आणि बैठक संपेपर्यंत खाली ठेवला नाही. बोलत असताना अंगठा सारखा त्या खळग्यातून फिरत होता. शेवटी विचारलं, "ही कोणाची कल्पना?"

"आमच्या स्टुडिओची," मी म्हटलं. असंच म्हणायचं असतं. एकत्र काम करणाऱ्यांनी तुझं-माझं करत बसू नये.

पसंत माझीच पडली. त्यांच्या मोठ्या साहेबांना उंच बाटल्या आवडतात. येताना गाडीत भिंगरी खिडकीबाहेर बघत बसली होती. तिला गाडी लागत असावी. अकरा वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं.

१४ मार्च

रविवार. दादाचा फोन येऊन गेला. चार मिनिटं. जेवलीस का, गुडघा कसा आहे, इकडे सगळे मजेत. फोन ठेवताना वहिनीचा आवाज लांबून, "माझाही नमस्कार सांगा." मग घर पुन्हा होतं तसं.

खिडकीत नमुन्याच्या बाटल्या मांडल्या आहेत. दुपारी ऊन आलं की त्यांच्या निळ्याहिरव्या सावल्या फरशीवर सरकत सरकत पलंगापर्यंत येतात. त्या पलंगाला टेकल्या की चार वाजले. मग चहा. चहाबरोबर दोन बिस्किटं. मग उद्या सोमवार, ही केवढी सोय.

भिंगरीला फोन केला, खांद्याच्या कोनाबद्दल एक शंका होती. तिने उचलला नाही. रविवारी ती काय करते कोण जाणे.

२६ मार्च

कारखान्यातून नमुन्याच्या साच्यातल्या पन्नास बाटल्या आल्या. काकांनी आधी सोनं भाजलं. त्याला जबर आच लागते, म्हणून सोनं आधी आणि रंग मागाहून, नाहीतर रंगाचा कोळसा. सोन्याची रेघ काय सुंदर उतरली! मग निळा फवारा मारला, पुन्हा भट्टी, मग गार करत ठेवल्या.

गार झाल्यावर बघते तर खांद्याच्या धारेवर रंगच नाही. वर आहे, खाली आहे, धारेवर केसभर उघडी काच. ओला रंग टोकदार धारेवर ठरत नाही, दोन्हीकडे मागे सरतो. परफ्यूममध्ये बुडवलेला कापूस घासला, तर त्या उघड्या रेघेपासून पापुद्रा सुटायला लागला.

काका म्हणाले, "बाई, पुन्हा मारून बघू. जरा दाट."

भिंगरी म्हणाली, "दाट मारून ओघळ येतील. धार मोडावी लागेल, ताई. खांदा थोडा गोल कर."

तिला सगळंच गोल हवं असतं. धार मोडली तर त्या बाटलीत उरलं काय? मी म्हटलं, दाट मारा.

ओघळ आले.

१० एप्रिल

भिंगरीचं काहीतरी चाललं आहे.

एक, फोन वाजला की जिन्यात जाते. दोन, दर गुरुवारी पाचच्या ठोक्याला निघते, आणि त्या दिवशी कपडे बरे असतात. तीन, स्वतःशीच हसते. चार, टेबलावरची तिची निवडुंगाची कुंडी घरी नेली, तिचे ब्रश नेले. "घरी बसून थोडं काढत असते," म्हणाली.

आज जिन्यातून तिचं वाक्य कानावर पडलं. "हो, पण ताईला कसं सांगायचं तेच कळत नाही."

मला आता लक्षात आलं. भिंगरी लग्न करते आहे! या वयात, इतक्या उशिरा, माझी भिंगरी. आणि मला एकटं वाटेल म्हणून सांगायला कचरते. वेडी.

१२ एप्रिल

काकांना आडून विचारलं, "भिंगरीचं काही कळलं का तुम्हाला?" काका भट्टीचं दार पुसायला लागले. ते दार कधी कोणी पुसत नाही. "बाई, ते तुम्ही तिलाच विचारा." म्हणजे त्यांनाही माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे माझं मन जपताहेत. मी काही विचारणार नाही. तिची ती सांगेल.

२ मे

बाजारात जाऊन तिच्यासाठी प्रवासाची बॅग घेतली. छोटी, चाकांची, गडद निळी. लग्नानंतर कुठेतरी जातीलच दोघं. दुकानदाराने विचारलं, "मुलीसाठी का?" मी हो म्हटलं. कशाला उगाच समजावत बसायचं.

बॅग ऑफिसच्या खालच्या कपाटात ठेवली आहे. तीन-चार दिवस मी नुसती खुशीत आहे. नमुने पुन्हा नापास झाले, तरीही.

६ मे

जसं झालं तसं लिहिते.

अकराच्या सुमाराला भिंगरी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. "ताई, जरा बोलायचं होतं. दार लावू?"

"लाव. आणि थांब." मी कपाटातून बॅग काढली आणि तिच्यापुढे ठेवली. "मला सगळं माहीत आहे. काका काही बोलले नाहीत हं, माझं मलाच कळलं."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला माहीत होतं?"

"डोळे आहेत गं मला. आणि मला आनंदच झाला आहे."

ती मटकन खुर्चीत बसली. डोळे भरून आले तिचे. "ताई, मला वाटलं होतं तू माझं तोंडही बघणार नाहीस. महिनाभर मला झोप नाही."

"काहीतरीच तुझं! आज ना उद्या हे व्हायचंच होतं. जागा बघितलीत का?"

"बघितली. नदीपलीकडे, जुनी बेकरी होती. धुराडं आयतंच मिळालं."

"बेकरीत राहणार?"

"राहणार कशाला, ताई? काम करणार."

"बरं, आणि तो काय करतो?"

"तो कोण?"

मी तिच्याकडे बघत राहिले आणि ती माझ्याकडे. मग तिची नजर बॅगेवर गेली, हँडलला बांधलेल्या लाल फितीवर गेली, आणि तिला कळलं. मला अजून कळत नव्हतं. तिने मला सांगितलं, हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं. ती स्वतःचं काम सुरू करते आहे. जूनपासून. ती बुटकी बाटली परफ्यूम कंपनीने घेतली, दुसऱ्या परफ्यूमसाठी. मॅनेजरबाईंनीच तिला शोधून फोन केला. बाटल्यांवर अक्षरं छापणारी आमची छपाईवाली तिच्याबरोबर जाणार आहे.

मी म्हटलं, "मी तुला काय कमी केलं?"

"काही नाही, ताई. तू मला काहीच कमी केलं नाहीस," म्हणाली, आणि बॅग न घेता खाली गेली.

७ मे

काही नाही.

१९ मे

कृतघ्न. दुसरा शब्द नाही. ती आली तेव्हा तिला छपाईची जाळी धरता येत नव्हती. फवारा कसा मारायचा, काच उजेडात कशी धरायची, गिऱ्हाईक 'बघू' म्हणालं की त्याचा अर्थ काय, सगळं मी शिकवलं. दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "अगं, माणसं जातातच." त्याला काय, त्याच्या घरात पाच माणसं आहेत.

तिसरी फेरी नापास. मॅनेजरबाईंनी जूनअखेरची मुदत दिली. आवाज न चढवता.

दोघीही काम सोडून गेल्या, आता छपाई मीच करते. जाळी बसवायची, बाटली फिरवायची, रबरी पट्टीने शाई ओढायची. खांदे भरून येतात. खालच्या मुली माझ्याशी दबकून बोलतात. मी शेडमध्ये गेले की त्यांचं हसणं थांबतं. आधीही थांबत असेल. तेव्हा भिंगरी बरोबर असायची, म्हणून लक्षात आलं नसावं.

२८ मे

तिचं टेबल रिकामं करायला घेतलं. खणात चित्रांची भेंडोळी होती. अकरा वर्षांची. माझ्या मनात होतं, सगळी कचऱ्यात टाकायची. उलगडत गेले.

प्रत्येक कागदावर माझी लाल पेन्सिल आहे. एकही कागद सुटला नाही. कुठे फुली, कुठे "नको", कुठे "हे असं नाही, बाळा". एका कागदावर मी तिचं चित्र पूर्ण झाकून त्यावर माझं काढलं आहे, तिच्या रेघा खालून पुसट दिसतात.

आणि एक कागद. भिंतीवर ज्या बाटलीचा फोटो लावला आहे, जिच्यासाठी मला बक्षीस मिळालं, तिचा गळा. आत वळलेला, कमळाच्या देठासारखा. सगळ्यांनी त्या गळ्याचंच कौतुक केलं होतं. कागद तिचा आहे. तारीख माझ्या चित्राच्या पाच आठवडे आधीची. कोपऱ्यात माझ्या अक्षरात: "फार नाजूक. नको."

मी खोटं बोलले नव्हते. मला खरोखरच वाटत होतं तो गळा मला सुचला. आत्ताही डोळे मिटले तर मला तो सुचतानाची संध्याकाळ आठवते. ती संध्याकाळ मी कुठून आणली?

जेवले नाही. भूकच नव्हती.

३ जून

नदीपलीकडे गेले. दोन वेळा बेकरीवरून पुढे गेले, कारण पाटीवर तिचं खरं नाव आहे आणि मी भिंगरी शोधत होते.

आत अजून गवंड्याचं काम चाललेलं. ती स्टुलावर चढून दिव्याची वायर बांधत होती. मला बघून खाली उतरली, हात पुसले, एक डबा उलटा घालून मला बसायला दिला. छपाईवाली मान खाली घालून मागच्या खोलीत निघून गेली.

मी येताना खूप वाक्यं जुळवली होती. गळ्याबद्दल. लाल पेन्सिलीबद्दल. तोंडातून निघालं एवढंच, "धार मोडायची तर किती मोडू?"

भिंगरीने हातांची धूळ झटकली. "साचे कापून झाले?"

"नमुन्याचा झालाय. मोठे नाहीत अजून."

"मग सुटलीस. कापलेल्या साच्यात धातू परत भरता येत नाही." तिने भिंतीवरच खडूने खांदा काढला. "तीन मिलिमीटर. लांबून काटकोनच वाटेल. आणि फवारा वरून नको, बाजूने मार, बाटली फिरती ठेवून. काकांना माहीत आहे."

"काकांना माहीत आहे?"

"एप्रिलपासून माहीत आहे, ताई. तू विचारलं नाहीस."

मी उठले. दारात म्हटलं, "तो बक्षिसाचा गळा तुझा होता."

"हो."

"तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते," ती म्हणाली. रागाने नाही. मी वाट बघत होते की रागावेल. "चहा घेणार का? अजून कप नाहीत, भांड्यातून प्यावा लागेल."

मी नको म्हटलं. घ्यायला हवा होता.

२५ जून

पास. सगळ्या चाचण्या पास. रंग खांद्यावरून असा वाहत गेला आहे की धार होती हे सांगून पटणार नाही. काकांनी बाटली उजेडात धरली आणि माझ्या हातात दिली.

मॅनेजरबाईंना मी गळ्याचं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, त्या गळ्यामुळेच तर आम्ही शेवटी तुम्हाला काम दिलं. मग दोन-तीन बैठकांत लक्षात आलं, कोणाचा ते." आणि थोड्या वेळाने, "तुमची बाटलीही चांगली आहे." 'ही'वर जोर नव्हता, तरी तो मला ऐकू आला.

कंपनीच्या माहितीपत्रकासाठी नावं द्यायची होती. मी दोघींची दिली. तिचं नाव लिहिताना एक अक्षर चुकलं, काकांनी सांगितलं.

२९ ऑगस्ट

वीस हजारांपैकी बारा हजार रवाना. नऊ आठवडे एक ओळ लिहिली नाही, कारण हात दुखतात आणि सांगण्यासारखं काही घडलं नाही. छपाईला नवीन बाई मिळाली. ती गाणी म्हणते. मी एकदा "जरा हळू" म्हणाले, तेव्हापासून म्हणत नाही. परवा तिला सांगितलं, म्हणा तुम्ही. नाही म्हणाली, आता सवय मोडली.

१० ऑक्टोबर

रविवार. दादाचा फोन होऊन गेला, साडेतीन मिनिटं.

बाटली दुकानात आल्याचं कळलं होतं म्हणून बघायला गेले. काचेच्या कपाटात, खालून दिवा. निळा रंग पाण्यासारखा उभा होता. विक्रेत्या मुलीने माझ्या मनगटावर फवारा मारला आणि मला माझी बाटली समजावून सांगितली. "बघा मॅडम, खांदे किती सरळ आहेत." मी म्हटलं, हो, खरंच. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली आणि मी तिथेच उभी राहिले. एवढी सुंदर वस्तू आणि ती दाखवायला शेजारी कोणी नाही. मनगट नाकाशी धरून घरापर्यंत चालत आले.

घरी येऊन भिंगरीला फोन केला. उचलला. "बोल, ताई."

"बाटली दुकानात आली."

"बघितली मी. छान उतरली आहे."

मग मला खांद्याबद्दल सांगायचं होतं, दिव्याबद्दल, त्या मुलीबद्दल. जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "तुझं काय चाललंय? ते सांग."

मग ती बोलायला लागली. आधी अडखळत, जपून, मग सुटली. भट्टी तापली की भिंतींतून अजून पावाचा वास येतो. आईचं ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन चालते. भाचीला चित्रकलेचं वेड आहे, शाळा सुटली की बेकरीतच येऊन बसते.

"भाची कोणाची? भावाची का?"

"हो. आमच्याकडेच असते ना ती, भाऊ गेल्यापासून."

"कधी गेला?"

"पाच वर्षं झाली, ताई."

मी आठवून बघितलं. पाच वर्षांपूर्वी तिने एकदा न सांगता तीन दिवस सुट्टी घेतली होती, तेवढं आठवलं. मी विचारलं, "तू परत आलीस तेव्हा मी काय म्हणाले होते?"

"जाऊ दे गं."

"सांग."

"म्हणालीस, 'बरं झालं आलीस, जाळ्या धुवायच्या पडल्यात.'"

"मग?"

"मग मी धुतल्या."

मला क्षमा माग असं कोणी सांगत नव्हतं, आणि मागितली असती तर तिला 'असू दे' म्हणावं लागलं असतं. तेही पुन्हा तिनेच करायचं. मी पलंगावर नीट बसले, फोन दुसऱ्या कानाला लावला, आणि विचारलं, "कसा होता गं तो?"

ती पाऊण तास सांगत होती. काय सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.